एका छपराखालची सात घरे

रिमचे
११ मे २०००

चि. तारिन यास,

मी, ताखू तागुम, वय त्रेसष्ट (आईच्या सांगण्यावरून, नोंद नाही), राहणार रिमचे, चौथी इयत्ता उत्तीर्ण, सरकारने नेमलेला गावबुढा व लाल कोटाचा धारक, सात चुली व एकतीस माणसे असलेल्या एका घराचा प्रमुख, हे पत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. तू माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहेस. तरीही हे पत्र भाच्याला नसून खानेसुमारीच्या पर्यवेक्षकाला आहे, असे समजावे.

मी वरच्या गावी मिथुन या डोंगरी बैलाच्या मालकीचा तंटा सोडवण्यास गेलो असता तुझ्या हाताखालचे बोरा मास्तर आमच्या घरी आले. त्यांनी आमच्या लांब घराच्या खांबांवर, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, गेरूने एक ते सात आकडे रंगवले. तुझी मामी यामी हिने विचारले, "मास्तर, हे कशाला?" ते म्हणाले, "ज्याची चूल वेगळी त्याचं घर वेगळं, काकू. सरकारचा नियम आहे." ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी तांदळाची अपोंग दारू घेतली, आभार मानले व ते गेले.

माझा धाकटा मुलगा तानेक तीन आकड्याखाली उभा राहून म्हणाला, "आजपासून मी घरमालक. बाबांनी आत येताना खाकरायचं." सगळे हसले. मी परतलो तेव्हा पुढच्या खांबावर माझ्या नावे लिहिलेले वाचले: घर एक, माणसे चार.

आता हरकतीचे कारण. तुझ्या जन्मापूर्वी आमच्या घरातील तासो, माझा चुलतभाऊ, याने मासेमारीच्या बांधावर तुमच्या ब्यापो कुळाच्या घरातील तायुम यास दावाने, म्हणजे लांब कोयत्याने, तोडले. त्यानंतर दोन वर्षे नदीच्या दोन्ही काठांना माणसे पडली. माझे वडील पडले. अखेर तह झाला. आमच्या पुढच्या खांबाशी मिथुन कापला, त्याचे रक्त खांबाला फासले व दोन्ही बाजूंनी शब्द दिला की या खांबाच्या आत जेवणारे सगळे एक, त्यांतील कोणालाही कोणी हात लावणार नाही. त्या तहातच तुझी आई याकर तुमच्या घरी दिली गेली. तायुमचा मुलगा ताचुंग तेव्हा आईच्या पाठीवर होता. आज तो चाळिशीचा आहे व त्याच्या कमरेला बापाचाच दाव आहे.

तासोची चूल मागच्या दाराशी आहे. तिच्यावर आता सात हा आकडा आहे. घरे सात असतील तर तह पुढच्या खांबाच्या घराशी झाला, म्हणजे एक क्रमांकाशी. सातव्या घराशी कोणताही तह झालेला नाही.

सबब, सहा आकडे पुसून संपूर्ण घरास एकच क्रमांक देण्याची लेखी परवानगी मिळावी. सरकारी अक्षर मी स्वतःच्या हाताने पुसणार नाही. सव्वीस वर्षे लाल कोट अंगावर आहे, त्याला डाग नाही.

तुझा मामा,
ताखू तागुम

*

नारेंग
२५ मे २०००

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे पत्र आहे की कोर्टातला जबाब? मी म्हटलं, मामा बाजारातून मीठ मागवतात तेही असंच मागवतात.

रागावू नका. नियम मी केलेला नाही. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, हे साऱ्या देशात तसंच आहे. तुमच्या एकट्यासाठी बदलला तर उद्या प्रत्येक गावबुढा माझ्या दारात. आमच्या सिंगो गावातल्या घरावर अकरा आकडे पडलेत, तिथे कोणी कुरकुर केली नाही. उलट आई खूश आहे. म्हणते, चाळीस वर्षं जावांच्या धुरात काढली, सरकारनं मला घर दिलं.

आणि मोठ्या घराचं कौतुक आता कोणाला आहे, मामा? मागच्या मोजणीत आपल्या राज्यात चौरस किलोमीटरला दहा माणसं निघाली. दिल्लीतल्या साहेबाला वाटतं इथे नुसती झाडं राहतात. एकाची सात घरं दिसली तर निदान नकाशावर गाव मोठं दिसेल. शाळेला एक मास्तर जास्त मिळेल.

खरं सांगू? तुम्हाला टोचतोय तो चाराचा आकडा. एकतीसचे चार झाले. ते मला कळतं. पण त्यासाठी मेलेल्यांना कशाला उठवायचं? तो तह कोणाच्या लक्षात आहे आता? ताचुंग रस्त्याच्या ठेकेदाराकडे कामाला आहे, मोटारसायकल घ्यायची म्हणून दिसेल त्याला सांगतो. त्याला खांबावरचे आकडे बघायला वेळ कुठला.

आकडे मात्र पुसू नका. तो गुन्हा आहे आणि तुम्ही गावबुढे आहात. फेब्रुवारीत माणसं मोजून झाली की मी स्वतः येऊन घासून काढीन. मामीला सांगा, धुरावरचं मांस माझ्यासाठी ठेवा.

तुमचा,
तारिन

*

रिमचे
६ जून २०००

चि. तारिन यास,

तुझे पत्र पोहोचले. चाराचा आकडा मला टोचला हे खरे आहे. ज्या घरात शिरल्यावर शेवटच्या चुलीवरचा माणूस ओळखू येत नाही इतके ते लांब, त्याचा प्रमुख म्हणून मी जगलो. ते मी लपवत नाही. परंतु मी तुला जे लिहिले ते त्यासाठी लिहिलेले नव्हते व तू ते तसे वाचलेस, याची नोंद व्हावी.

ताचुंगला वेळ मिळाला आहे. तो रस्त्याचे काम सोडून आला आहे. बाजाराच्या वाटेवर वेताच्या पुलाशी त्याला तासोची विधवा सून लाकडाचा भारा घेऊन येताना भेटली. त्यांचे बोलणे तिने मला जसे सांगितले तसे देतो.

"वहिनी, भारा जड आहे. तुमच्या घराचा आकडा कोणता हो?"

"सात."

"आणि गावबुढ्यांचा?"

"एक."

"म्हणजे मधे पाच घरं आली की. बरेच लांब राहायला गेलात तुम्ही."

त्याने भारा पुलापलीकडे उचलून आणून दिला, तिच्या मुलांसाठी मिठाची पुडी दिली व तो गेला. सून त्याला भला माणूस म्हणाली. ती दुसऱ्या खोऱ्यातून आलेली आहे, तिला माहीत नाही. तासोने पुडी चुलीत टाकली.

मी तासोला माझ्या चुलीवर जेवावयास बोलावले. म्हणजे नियमाप्रमाणे तो एक क्रमांकात येईल. तो म्हणाला, "दादा, चाळीस वर्षं तुझ्या छपराखाली फुकट राहिलो. आता सरकारनं घर दिलंय तर मला सोडवेना." मी रागे भरलो. तेव्हा तो हळू बोलला. "तुझ्या चुलीवर आलो तर त्यांचा रस्ता तुझ्या चुलीवरून जाईल. इथं मागचं दार आहे. येतील, जातील."

त्याला एका डोळ्याने दिसत नाही. तरी तो आता दाराकडे तोंड करून बसतो.

माझी मुले म्हणतात, बाबा, ओल्या फडक्याचं काम आहे, पुसून टाकू. मी त्यांना मनाई केली आहे. तुझी लेखी मनाई माझ्यापाशी आहे व ती मोडणारा मी नव्हे. तू एक ओळ लिही, किंवा स्वतः ये. ओळ आली की त्याच दिवशी पुसतो.

ताखू तागुम

*

नारेंग
१९ जून २०००

मामा,

पुसा. आजच पुसा, पत्र वाचून खाली ठेवायच्या आत. परवानगी म्हणून हेच पत्र ठेवा, जे काय होईल ते माझ्यावर.

आईचा निरोप आला. ताचुंगनं पुजाऱ्याला बोलावून कोंबडीचं काळीज बघून कौल घेतला. आईनं विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, "काकी, मी तह मोडणारा नाही. तुमच्या भावाच्या घराला मी हात लावणार नाही. फक्त त्यांचं घर कुठपर्यंत आहे तेवढं विचारलं." काळीज चांगलं निघालं म्हणे.

तुमचं सहा तारखेचं पत्र मला काल मिळालं, दरडीमुळे टपाल अडकलं होतं. मी सुटीचा अर्ज टाकलाय. बोरा मास्तर डोंगरातून पायी निघालेत, त्यांच्याबरोबर हे देतोय. तासोमामाला पुढच्या खोलीत घ्या. मला कळलं नाही, मामा. मला वाटलं, तुम्ही नेहमीसारखे.

तारिन

*

रिमचे
२१ जून २०००

ब्यापो तारिन यास,

तुझी परवानगी मिळाली. बोरा मास्तर ती घेऊन आले तेव्हा आम्ही तासोला पुरून परतत होतो. ते वाटेतच खाली बसले. त्यांना दोष नाही.

झाले ते असे. घरातील माणसे डोंगरावरच्या शेतात होती. मी ग्रामसभेत होतो. घरात तासो, त्याची बायको, विधवा सून, तिची दोन मुले व सहाव्या चुलीपाशी माझी धाकटी बायको यापुंग एवढी माणसे होती. ताचुंग व त्याचे दोन चुलतभाऊ भरदिवसा मागच्या दाराने आले. तासोने त्यांना पाहून नातवंडांना यापुंगच्या चुलीकडे ढकलले व म्हणाला, "पळा, तिकडे दुसरं घर आहे."

ताचुंगचा पहिला वार तासोच्या खांद्यावर बसला व हात लोंबू लागला. तासोने दुसऱ्या हाताने चुलीतले जळते लाकूड उचलून ताचुंगच्या तोंडावर मारले. त्याची एक भुवई जळाली. सून मधे पडली व तिने दावाचे पाते धरले. तिची तीन बोटे चुलीच्या राखेत सापडली. त्यानंतर त्यांनी तासोला खाली पाडून मानेवर वार केले. किती ते यापुंगने मोजले नाहीत. रक्त फळ्यांच्या फटींतून खाली डुकरांवर पडत होते व डुकरे ओरडत होती. ती म्हणते, तो आवाज तिला अजून ऐकू येतो.

आता जे लिहितो ते नीट वाच. यापुंग भाताच्या भांड्यातला पळा हातात घेऊन उभी होती. मुले तिच्या पाठीशी होती. एका चुलतभावाने तिच्याकडे पाऊल टाकले. ताचुंगने त्याला मागे ओढले. तो यापुंगला म्हणाला, "मामी, घाबरू नका. तुमचा आकडा सहा. तुमच्याशी आमचं काही नाही. मुलं तुमच्या चुलीवर आहेत, ती पण तुमची." त्याने सहाव्या खांबापुढे पाय टाकला नाही. दाव तासोच्या चटईला पुसला व ज्या दाराने आला त्या दाराने गेला.

पोलीस चौकीला कळवले आहे. रस्ता मोकळा झाल्यावर येतो, असे उत्तर आले.

आता माझ्या मुलांचे म्हणणे. ताबिन म्हणतो, "आकडे आपल्याला मान्य नव्हते ना, बाबा? आपलं घर एक. मग त्यांचंही एक. एका छपराखाली जेवणारे सगळे जबाबदार. जुना कायदा तुम्हीच शिकवलात." त्यांनी सुके गवत व रॉकेल गोळा केले आहे. सिंगोचे घर दोन्ही दारे बांधून पेटवायचे ठरले आहे. त्यात त्रेचाळीस माणसे आहेत व त्यांपैकी एक माझी बहीण आहे. मुलांनी सांगितल्याप्रमाणे जुना कायदा बरोबर आहे. मला त्यात चूक दाखवता येत नाही.

म्हणून आईला सांग, पुढच्या बाजारापूर्वी ते घर सोडावे. हे सांगितल्याचे कळल्यास माझी मुले माझे तोंड पाहणार नाहीत. आणि तूही ब्यापो आहेस. नारेंगमध्ये सरकारी क्वार्टरमध्ये जेवत असलास तरी छप्पर तेच. तू इकडे येऊ नकोस. आलास तर मी तुला वाचवू शकेन असे नाही व वाचवावे का, हेही मी अजून ठरवलेले नाही.

ता. तागुम

*

नारेंग
२६ जून २०००

मामा,

मी डोंगरातून सिंगोला गेलो होतो, आजच परतलो. आईला तुमचा निरोप सांगितला. ती धान्य कांडत होती, थांबली पण नाही.

मी म्हटलं, "आई, चल. घर जाळणार आहेत."

ती म्हणाली, "कोण, ताबिन? त्याला मी पाठीवर घेऊन फिरलेय."

"तोच."

"मग त्याला सांग, बाहेरून कशाला, आत येऊन जाळ. माझ्या चुलीत नेहमी विस्तव असतो."

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा तुझ्या मामानं केली. मला मिथुनाबरोबर दिलं तेव्हा म्हणाला, तू आमचा तह आहेस. तह उठून निघून गेला तर मग उरलं काय रे? मी उठले की ह्या त्रेचाळीस जणांत कोणी वाचणार नाही आणि मग तिकडच्या तीस जणांत पण नाही."

ती नाही येत. मी पाया पडलो, तरी नाही.

मामा, दोष माझा आहे, ते मी लिहीत बसत नाही, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. एकच गोष्ट सांगतो. ताचुंगनं आकडा मानला. हातात रक्तानं भरलेला दाव असताना त्यानं सहाव्या खांबापुढे पाय टाकला नाही. आमच्या घरावर पण आकडे आहेत, अकरा. आई आठ. ताचुंग नऊ. त्या चुलीवर तो, त्याची बायको याजुम आणि तीन पोरं. ते दोन चुलतभाऊ त्याच रात्री वरच्या सीमेकडे पळाले, त्यांच्या चुली विझल्यात. बाकीच्यांना त्यानं विचारलं नव्हतं. त्याचा सख्खा भाऊ तादर त्याच्याशी बोलत नाही.

तुम्ही आमचं घर एक धरलंत तर त्रेचाळीस. अकरा धरलंत तर एकच चूल उरते. पण आमचं अकरा धरायचं तर तुमचं सात धरावं लागेल. कायमचं. मग तुमचा तोच चार. मी मागे त्यावर थट्टा केली होती. आज मागतोय. तुमच्या आधारावर एकतीस माणसं जगली, ते घर मोडा म्हणून मागतोय.

तुम्ही नाही म्हणालात तर मी आईजवळ जाऊन बसणार आहे. नारेंगच्या क्वार्टरला कुलूप लावीन.

तारिन

*

सिंगो, चूल क्रमांक आठ
३ जुलै २०००

ब्यापो तारिन, पर्यवेक्षक, यांस,

मी, ताखू तागुम, वय त्रेसष्ट, राहणार रिमचे, चौथी इयत्ता उत्तीर्ण, कालपर्यंत गावबुढा, एका चुलीचा प्रमुख, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की:

तुझे पत्र मिळाल्यावर मी सर्वांना पुढच्या खांबाशी बोलावले व सांगितले की आजपासून आपले घर सात आहे. ताबिन म्हणाला, "बाबा, भीती वाटली का?" मी म्हणालो, "हो." त्याने आयुष्यात प्रथमच माझ्या तोंडून तो शब्द ऐकला. मी म्हणालो, "तासो सातव्या घरचा होता. त्या घरात आता हात चालवू शकेल असा पुरुष नाही. मी त्याला माझ्या चुलीवर बोलावले होते, म्हणून त्याचे देणे माझ्या चुलीकडे येते. दोन ते सहा या घरांनी आपापली शेती पाहावी." गवत डुकरांच्या गोठ्यात पसरवले. रॉकेल शाळेला दिले.

त्यानंतर तुझी मामी यामी, माझी मुलगी याबी व माझी आंधळी आत्या यांनी आपली भांडी उचलून तानेकच्या चुलीवर नेली. यामीने भांडे उचलताना विचारले, "किती दिवसांसाठी?" तिने माझ्यासाठी एक लहान भांडे मागे ठेवले. लाल कोट पुढच्या खांबावर टांगला आहे, तो सरकारजमा करावा.

आज मी एकटा पूल ओलांडून तुमच्या घराच्या मागच्या दाराने आत आलो. ताचुंग नवव्या चुलीपाशी जेवत होता. त्याची भुवई अजून उगवलेली नव्हती. तो म्हणाला, "मामा, एकटेच?"

मी म्हणालो, "जेवण संपव."

"आता काय संपवायचं." त्याने पान बायकोकडे सरकवले. "पोरांना बाहेर ने," असे तिला म्हणाला. मुले बाहेर गेली. ती गेली नाही.

त्याने उठून दाव उपसला. पहिला वार त्याचा होता. तो माझ्या डाव्या दंडावर हाडापर्यंत गेला. मी म्हातारा आहे, म्हणून तो दुसऱ्या वारासाठी सावकाश वळला. माझा वार त्याच्या बरगडीखाली बसला व मी दाव ओढून काढला. तो चुलीत पडला. मी त्याला जळू न देता ओढून चटईवर घेतले व मानेवर एक वार करून संपवले. तासोला एकाहून अधिक लागले होते, याला एकच लागला.

दहाव्या चुलीवरून त्याचा भाऊ तादर भाला घेऊन उठला. माझा हात चालत नव्हता. तुझी आई धान्य कांडण्याचे मुसळ हातात घेऊन दोन चुलींच्या मधे येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "तुझा आकडा दहा. बस खाली." तो उभा राहिला. ती पुन्हा म्हणाली, "तादर, तिकडे यापुंगच्या पाठीशी पोरं होती. तुझा भाऊ तिथे थांबला होता. तू त्याच्याहून कमी आहेस का?" तो बसला. नंतर तो रडला. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

याकरने माझ्या दंडात राख भरून फडके बांधले आहे. ती म्हणाली, "दादा, तहात मला दिलंत तेव्हा निदान मिथुन तरी होता."

आता माझे म्हणणे. नवव्या चुलीत एक स्त्री व तीन मुले उरली आहेत. थोरल्याला आज ना उद्या बापाचा दाव पेलेल. त्याचे येणे रास्त आहे. त्याने पुढच्या दाराने यावे. खांबावर एक आहे, तो वाचावा. मी तिथे बसलेला असेन, दार उघडे असेल. दुसऱ्या खांबापुढे त्याने पाय टाकू नये. तिथून पुढे वेगळी घरे आहेत व त्यांचे त्याच्याकडे काहीही देणे नाही. पोलीस आल्यास त्यांनाही हेच लागू.

तू मागे लिहिले होतेस की आपल्या राज्यात चौरस किलोमीटरला दहा माणसे. इतक्या थोड्यांत एक गेला तरी मोजणाऱ्याला कळले पाहिजे. फेब्रुवारीत तू स्वतः मोजायला ये. आता आलास तर चालेल. माझ्या खांबावरचा चार खोडून लिही: घर एक, माणसे एक. मी नसलो तर रिकामे असे लिही. पण आकडा पुसू नकोस.

वर लिहिलेले मी स्वतः लिहिले असून वाचून दाखवले आहे.

साक्षीदार, जे हजर होते:

ब्यापो याकर, चूल आठ, लिहून देणाऱ्याची बहीण. अंगठा.

ब्यापो तादर, चूल दहा, मयताचा भाऊ. अंगठा.

ब्यापो याजुम, चूल नऊ, मयताची पत्नी. संपूर्ण वेळ हजर होती. अंगठा देण्यास नकार दिला.